अकरा नंबरचा बांगडा

केतकीने शर्ट मागितला तेव्हा तिच्या सासूबाई पडवीत उकडे तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"खयचो शर्ट?"

"सर्वेशचा. तुम्ही न धुता ठेवलाय तो, निळा."

"कशाक होयो तुका?"

केतकीने उत्तर वाटेतच तयार करून ठेवलं होतं. "केंद्रात एक तपासणी आहे, आई. तुलनेसाठी वापरलेला कपडा लागतो."

रोहिणीबाईंनी सूप खाली ठेवलं. आत जाऊन त्यांनी ट्रंक उघडली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला शर्ट छातीशी धरून बाहेर आल्या. पण तो त्यांनी केतकीच्या हातात दिला नाही.

"माज्या झिलाचो वास आसा हेका. तो गेलो तर माज्याकडे काय उरतला?"

"मी नेत नाही तो. कॉलरचा एवढासा काठ कापून घेते. इथेच, तुमच्यासमोर."

केतकीने कात्री चालवली. नखाएवढा तुकडा काचेच्या नळीत टाकून तिने बूच लावलं. सासूबाईंनी तेवढ्या वेळात पिशवीचं तोंड पुन्हा करकचून बांधलंही होतं.

"केतकी," त्या मागून म्हणाल्या, "तू माज्यापासून काय लपवतंस?"

"काही नाही, आई," असं म्हणून ती फाटकाबाहेर पडली.

सर्वेश कुबल जाऊन चार महिने होत आले होते. दिवाळीच्या आधी अरबी समुद्रात वादळ उठलं, तेव्हा त्याची होडी देवगडपासून बरीच बाहेर होती. त्या भागात वादळं आताशा नेहमीच उठायला लागली होती, पण हे अंदाजापेक्षा अर्धा दिवस आधी आलं. होडी फुटली. त्याच्याबरोबरचे दोघे डिझेलच्या रिकाम्या पिंपाला धरून राहिले आणि दुसऱ्या दिवशी सापडले. सर्वेश मासळीच्या थर्माकोलच्या पेटीवर आडवा पडलेला त्यांनी पाहिला होता. मग मोठी लाट आली आणि तो दिसेनासा झाला.

शोध झाला, विमान फिरलं. गावातल्या पाच-सहा होड्या तर रोज पहाटे निघून दक्षिणेला जात होत्या. तेवढ्यात दुसऱ्या वादळाची सूचना आली. तरी होडीवाले थांबायला तयार नव्हते. सगळे कुबलांच्या अंगणात जमले आणि केतकीकडे पाहू लागले. ती समुद्रशास्त्रज्ञ होती. पाण्याचे प्रवाह, वारा, पाण्याचं तापमान, सगळं तिला ठाऊक होतं.

केतकी मूळची सांगलीची. सर्वेशशी लग्न करून ती इथे आली आणि इथल्याच सागर संशोधन केंद्रात रुजू झाली. त्या दिवशी अंगणात उभं राहून तिने आकडेमोड सांगितली. पेटी एवढा वेळ टिकणार नाही. प्रवाह बाहेरच्या दिशेने आहे. आणि पुढचं वादळ दोन-तीन दिवसांत येतंय, आणखी माणसं जातील.

"आता जाऊ नका," ती म्हणाली होती. "तो नाही आता."

होड्या गेल्या नाहीत. दुसरं वादळ खरोखरच आलं आणि बंदरात बांधलेल्या होड्यासुद्धा त्याने आपटून फोडल्या. केतकीचं म्हणणं बरोबरच होतं, असं गावाने मानलं. दर्भाचा पुतळा करून सर्वेशचे अंत्यसंस्कार झाले. रोहिणीबाईंनी त्यावर एक शब्द काढला नाही. मुलाचा शर्ट तेवढा धुऊ दिला नाही.

केंद्रात केतकीचं काम बांगड्यांवर होतं. खऱ्या नव्हे, यांत्रिक. पण त्यांची सगळी करामत खऱ्या बांगड्याच्या तोंडातून उचललेली होती.

बांगडा, तारली, पेडवे हे मासे पाण्यात तरंगणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव खातात. तोंड उघडं टाकून पोहत राहायचं, पाणी तोंडातून आत घ्यायचं आणि कल्ल्यांतून बाहेर सोडायचं, एवढंच ते करतात. कल्ल्यांच्या कमानींवर बारीक फण्या असतात. या फण्या चहाच्या गाळणीसारखं काम करतात, असं पूर्वी वाटायचं. पण चहाची गाळणी थोड्या वेळात चोथ्याने बुजते. मासा दिवसभर गाळतो, तरी त्याच्या फण्या स्वच्छ. मग माशाच्या तोंडात पाणी नेमकं कसं वाहतं ते बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला. पाणी फण्यांवर समोरून आदळत नाही, त्यांना घासून पुढे जातं. वाटेत प्रत्येक कमानीमागे इवलेसे भोवरे तयार होतात. पाणी पटकन वळून फटीतून निसटतं. पाण्यातल्या जिवाला तेवढं चटकन वळता येत नाही. तो भोवऱ्यावरून घसरत सरळ घशाकडे जातो. म्हणजे गाळणीला काही चिकटतच नाही आणि तरीही सुटत काही नाही. आणि चुकून काही अडकलंच तर मासा खोकल्यासारखा झटका देऊन पाणी उलटं फिरवतो आणि अडकलेलं बाहेर टाकतो.

केतकीच्या गटाने हेच तोंड मोठं करून बनवलं. पुरुषभर लांबीचे हे बांगडे महिनोन्‌महिने समुद्रात फिरत, अफाट पाणी गाळत. घशात जमलेला गाळ दर काही तासांनी एका कुपीत बंद होई. तो कुजू नये, विरू नये म्हणून कुपीत औषध असे आणि तिच्यावर जागा आणि वेळ आपोआप नोंदली जाई. त्यावरून पुढच्या हंगामात मासळी कुठे आणि किती येईल याचा अंदाज बांधता येत होता. काही अडकून बांगड्याचा वेग मंदावला तर त्यानेही खोकावं, अंग फिरवावं आणि बुडी मारून सुटावं, ही सोय केतकीनेच केली होती. समुद्रात सोडून दिलेली जाळी फार तरंगतात. तिची ही सोय सगळ्यांना आवडली होती.

गाळात माणसाच्या पेशीही सापडत. त्या हाताळणाऱ्यांच्या बोटांच्या असणार असं धरून संगणक त्या वगळायचा. त्या फेब्रुवारीत रुबीना मुकादमने वगळलेला भाग उघडून पाहिला. रुबीना केतकीची सहकारी आणि गावातली सगळ्यात जवळची मैत्रीण. अकरा नंबरच्या बांगड्याच्या कुप्यांत हे वगळलेलं प्रमाण भलतंच वाढलेलं होतं आणि ते एकाच पुरुषाचं होतं. कुप्या हाताळणाऱ्या मात्र सगळ्या बायका होत्या.

तिने तारखा पाहिल्या आणि केतकीला बोलावलं. म्हणून कॉलरचा तो तुकडा.

जुळणी दुपारी आली. पडद्यावरची ओळ केतकीने दोनदा वाचली.

"त्याचाच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. "ठीक आहे. अंगाच्या पेशी पाण्यात राहतात. डीएनए टिकतो काही दिवस. प्रेत वाहत आलं असेल."

रुबीनाने पडदा बंद करायला हात पुढे केला.

"आरएनए पाहिलास?"

"केतकी, एवढं पुरे ना आज."

"पाहिलास का?"

जिवंत पेशीत जे काम चाललेलं असतं त्याचे निरोप आरएनए नेतो. पेशी मेली की कोमट पाण्यात तो काही तासांत विरून जातो. कुपीत तो शाबूत सापडला तर त्याचा अर्थ एकच. कुपी बंद झाली त्याच्या थोडंच आधी, तिथेच जवळपास, तो माणूस जिवंत होता.

"शाबूत आहे," रुबीना म्हणाली.

"कुठल्या कुपीत?"

"सगळ्यांत."

केतकीने खुर्ची ओढली आणि कुप्या क्रमाने लावल्या. पहिली खूण विजयदुर्गच्या बाहेर, अगदी पुसट. मग दक्षिणेला. मग आणखी दक्षिणेला, मालवणच्या समोर, जरा ठळक. बांगडा आणि सर्वेश एकाच प्रवाहात सापडले होते आणि शेजारी-शेजारी वाहत होते. प्रवाह बाहेर जातो असं तिने सांगितलं होतं. वादळानंतर तो किनाऱ्याकडे वळला होता. होड्या थांबवल्या त्या दिवसाची कुपी आली. त्यात तो होता. दुसऱ्या दिवशीच्या कुपीतही होता. त्याच्या पुढच्या पहाटेची कुपी निवतीच्या दीपगृहाजवळची होती. तिथून किनारा दिसतो.

या शेवटच्या कुपीत त्याच्या एवढ्या पेशी होत्या की आकडा चुकलाय असं वाटावं.

"एवढं कसं?" केतकी म्हणाली. "नुसतं जवळून जाऊन एवढं येत नाही. हे तर..." ती थांबली. "रुबी, अकराच्या वेगाची नोंद काढ."

"नको."

"काढ."

"मी पाहिलीये ती. तू नको बघूस. ऐक माझं, आपण घरी जाऊ. मी सांगेन तुला कधीतरी."

केतकीने स्वतःच नोंद उघडली. पहाटे उजेड पसरताना अकरा नंबरचा वेग एकदम पडला होता. पाठीवर भार आला होता, माणसाच्या वजनाएवढा. तासाभराहून जास्त वेळ तो तसाच होता. बांगडा दमत दमत ओढत राहिला. मग नेमून दिल्याप्रमाणे तो खोकला, स्वतःभोवती फिरला आणि बुडी मारून खोल गेला. वर आला तेव्हा हलका होता.

थोड्या वेळाने पुन्हा भार आला.

पुन्हा खोकला, पुन्हा बुडी. त्यानंतर वेग नेहमीसारखा होता.

त्याच्या पेशी बांगड्याने एकूण एक धरून ठेवल्या होत्या. त्याला मात्र दोनदा झटकून टाकलं होतं.

रुबीनाने तिला मागून मिठी मारली. केतकी रडली नाही. ती पडद्यावर वेगाच्या आलेखातल्या त्या दोन खड्ड्यांवर बोट ठेवून बसली होती. मग म्हणाली, "ही सोय मीच लिहिली होती गं."

"जाळ्यांसाठी लिहिली होतीस."

"हो. जाळ्यांसाठी."

सासूबाईंना सांगायचं की नाही यावर त्या दोघींचं भांडण झालं. रुबीनाचं म्हणणं, म्हातारीने एकदा मुलगा गमावलाय, तिला पुन्हा कशाला गमवायला लावतेस? केतकी वाद घालत होती, पण आतून तिलाही ते पटत होतं. चार दिवस ती सांगायचं टाळत राहिली. पाचव्या दिवशी रोहिणीबाईंनी चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"शर्टातना काय गावला ता सांग. तुज्या तोंडार लिवला हा, पण माका वाचूक येना नाय."

केतकीने सांगितलं. होड्या थांबवल्या तेव्हा तो होता. नंतरही दोन दिवस होता. किनारा दिसत होता. बांगडा त्याच्याजवळ आला, त्याने तो धरला. आणि बांगड्याने काय केलं, ते का केलं आणि कुणी शिकवलं होतं. वाक्यं तुटत होती, पण तिने काही गाळलं नाही.

रोहिणीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

"तेणा दोनदा धरल्यान?"

"हो."

"म्हणजे एकदा सुटल्यार परत पोवत जावन धरल्यान."

"हो, आई."

"दोनदा," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाशी नेला आणि त्यातून जो आवाज आला तो केतकीने आजवर ऐकला नव्हता. सर्वेश गेल्याची बातमी आली त्या दिवशीही तो आला नव्हता.

त्यानंतर घर तसंच चाललं. भात व्हायचा, आमटी व्हायची, केतकीचं ताट वाढलेलं असायचं. पण सासूबाई तिला नावाने हाक मारेनाशा झाल्या. काही सांगायचं असलं की भिंतीकडे पाहून सांगायच्या. सांगलीहून केतकीची आई दोनदा येऊन गेली. "चल घरी, इथे काय राहिलंय तुझं," म्हणाली. केतकी गेली नाही. का गेली नाही हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. घरात एकच माणूस होतं ज्याला सर्वेश तिच्याएवढाच हवा होता, आणि ते माणूस तिच्याशी बोलत नव्हतं. तरी त्याला सोडून जाववत नव्हतं.

केंद्रात तिने मागणी लावून धरली. बांगड्याने गाळ महिनोन्‌महिने साठवून का आणायचा? घशातच तपासावा. जिवंत माणसाची खूण लागली तर मागोवा घेत जावं, वर यावं, दिवा लावावा आणि केंद्राला कळवावं. भार आला तर झटकू नये, थांबून राहावं.

बैठकीत हरकती आल्या. असा मासा उद्या समुद्रातल्या प्रत्येक माणसाचा वास काढत फिरेल, कोण कुठल्या होडीवर आहे ते सांगेल, असं एकजण म्हणाला. दुसऱ्याला नेमकं तेच हवं होतं, चोरून ये-जा करणारे पकडायला. त्याने तर नावानिशी ओळख पटवण्याची सोय मागितली.

"नाव नको," केतकी म्हणाली. "कोण आहे हे त्याला कधीच कळता कामा नये. कुणीतरी जिवंत आहे, एवढंच कळू दे. एवढ्यावर तुमचं जमत नसेल तर मी बांगडे पाण्यात सोडू देणार नाही."

तिचा नवरा कसा गेला ते खोलीत सगळ्यांना माहीत होतं. कुणी वाद वाढवला नाही. पावसाळाभर ती आणि रुबीना त्यावर काम करत होत्या.

गणपतींनंतर पुन्हा एक वादळ झालं. पाच दिवसांनी दुपारी चार नंबरचा बांगडा आचऱ्याच्या बाहेर थांबला. आधी त्याने तीन वेळा दिशा बदलली होती, वास घेणाऱ्या कुत्र्यासारखी. मग तो वर आला आणि त्याच्या पाठीवर भार आला. चार नंबर हलला नाही.

"धरलंय!" रुबीना किंचाळली. "केतकी, कुणीतरी धरलंय त्याला!"

केतकीने बंदरावर फोन केला, जागा सांगितली, बोलताना एकही अंक चुकू दिला नाही. होडी तिथे पोहोचून "माणूस आहे, जिवंत आहे" असा निरोप येईपर्यंत ती उभीच होती. मग खोलीत सगळे टाळ्या वाजवू लागले, कुणी रुबीनाला उचललं. केतकी बाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. कुणाचा तरी नवरा वाचला होता आणि तिला फक्त मत्सर वाटत होता. तिला स्वतःची लाज वाटली, तरी मत्सर गेला नाही.

वाचलेला माणूस मुंबईच्या पलीकडच्या सातपाटीचा होता, होडीबरोबर इकडे मासेमारीला आलेला. हेमंत मेहेर, तिशीच्या आतबाहेरचा. त्याला देवगडच्या इस्पितळात ठेवलं. आठवड्याने तो घरी जायला निघणार, हे रोहिणीबाईंच्या कानावर गेलं. त्या दिवशी त्यांनी केतकीकडे सरळ पाहिलं.

"तेका जेवूक घेवन ये," त्या म्हणाल्या.

हेमंत आला. मिठाच्या पाण्याने ओठ अजून फुटलेले होते आणि हातांवरची साल निघत होती. रोहिणीबाईंनी त्याला पाटावर बसवलं, सुरमईचं तिखलं वाढलं, सोलकढी दिली. "तुज्या आवशीक फोन केलंस?" विचारलं. केला म्हणाला. आई फोनवर नुसती रडत होती म्हणाला. त्याला इथली हकिगत कुणीतरी सांगितली असावी. तो मान वर न करता जेवत होता.

तो जेवून पाणी प्याला तेव्हा रोहिणीबाई त्याच्यासमोर बसल्या.

"एक इचारू?"

"विचारा ना, आई."

"थय काय वाटता? माणूस एकटो आसता तेवा?"

हेमंतने केतकीकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तसं काही नाही वाटत हो," तो म्हणाला. "ग्लानी येते. झोपेत असल्यासारखं असतं. दुखत नाही काही. देवाचं नाव येतं तोंडात."

"खरा सांग."

"खरंच, आई."

"मी तुका कशाक बोलावलंय?" रोहिणीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "माका खोटा सांगणारी माणसा गावात खूप आसत. तू थयसून इलंस. तू खरा सांग."

हेमंतने हात मांडीवर ठेवले.

"राग येतो," तो म्हणाला. "सगळ्यांचा राग येतो. पहिले दिवस वाटतं, येतील. विमान जातं वरून, हात करतो आपण. मग विमान येईनासं होतं. मग वाटतं, सोडलं आपल्याला. घरी जेवायला बसले असतील. मी आईला शिव्या दिल्या, बायकोला दिल्या. मोठमोठ्याने, घसा फुटेपर्यंत. आणि मधेच वाटायचं, आत्ता कुणी आलं ना, तर काही बोलणार नाही मी कुणाला. नुसतं यावं."

त्याचे डोळे भरून आले. "माफ करा, आई. तुम्ही विचारलंत म्हणून."

रोहिणीबाईंनी मान हलवली. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"रागावलोच असतलो," त्या म्हणाल्या. "माजो झील लय रागीट."

मग त्यांनी हेमंतच्या सोललेल्या हातावर हात ठेवला, उठल्या, त्याच्यासाठी वाटेत खायला म्हणून बांधलेली पिशवी आणून दिली आणि फाटकापर्यंत त्याला पोचवायला गेल्या. तो वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभ्या होत्या.

परत आल्या तेव्हा केतकी अजून दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"आयकलंस मा?" रोहिणीबाईंनी विचारलं.

"ऐकलं."

"सगळा?"

"सगळं, आई."

रोहिणीबाई तिच्याजवळ आल्या. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही. नुसत्या तिच्या शेजारी चौकटीत उभ्या राहिल्या, दोघींचे खांदे टेकतील एवढ्या.

"बरा झाला, केतकी," त्या म्हणाल्या. "तेका थय काय वाटला ता आता माका एकटीकच म्हायत नाय. दोघींका म्हायत."